घंटावाल्याचा सूट

आक्कांनी आयुष्यात काय काय धुतलं, ते जेवायला बसलेल्या माणसापुढे सांगण्यासारखं नाही. अठ्ठावीस वर्षं त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात होत्या. बाळंतिणींच्या चादरी, अपघातातल्यांचे कपडे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे डगले. त्यातलं काहीही हातात घेताना त्यांचं नाक कधी आक्रसलं नाही. दुखणं ते दुखणं, त्यात घाण कसली, असं म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना घाण वाटायला लागली, आणि तीही कुठे, तर पेंटबॉलच्या मैदानावरच्या धुलाईच्या नव्या कामात, जिथे धुवायला येणारा एकूण एक डाग खोटा होता.

मैदान म्हणजे शहराबाहेरची एक बंद पडलेली वीटभट्टी. मालक पूर्वी बाथरूमच्या फरशा विकायचे. त्यांनी ती जागा घेतली, पडक्या भिंती तशाच ठेवल्या, चार तंबू ठोकले आणि लोकांना बंदुका वाटायला सुरुवात केली. हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, तिच्यात गोटीएवढी रंगाची गोळी. गोळी अंगावर फुटली, की तो माणूस मेला. मेलेल्यानं आपणहून हात वर करायचा आणि बाहेर चालू लागायचं. एवढाच खेळ. आता कोणाच्या अंगावर कधी गोळी फुटली, हे शंभर माणसांच्या धुमश्चक्रीत पंचाला तरी कुठून दिसणार? म्हणून ज्याचं त्यानं कबूल करायचं. जो कबूल न करता रंग हातानं पुसून टाकतो आणि जिवंत असल्यासारखा खेळत राहतो, त्याला मैदानावर 'पुसणारा' म्हणत. आईबहिणीवरून दिलेली शिवी तिथे हसण्यावारी जायची, पण पुसणारा म्हटलं की माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची.

आक्कांचा एकुलता एक मुलगा तिथेच बंदुका दुरुस्त करायचा आणि मैदानाच्या संघातून खेळायचाही. वय एकतीस, अंगानं भक्कम, दिसायला देखणा, आणि ते त्याला पुरेपूर माहीत होतं. घरात त्यानं स्वतःचं ताट कधी उचललं नाही, रुमालसुद्धा कधी पिळला नाही. आक्का त्याचं सगळं करायच्या आणि वर शेजारणींना सांगायच्या, "एवढा दमून येतो, त्याला काय काम सांगायचं?" शेजारणी मान डोलवायच्या आणि दार लागलं की हसायच्या.

तर मालकांच्या डोक्यात आलं, की पुलाची लढाई करायची.

ती लढाई त्या भागात शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ. तीनशे वर्षांपूर्वी परकं सैन्य चालून आलं तेव्हा गावातली एकशेवीस माणसं दगडी पुलावर उभी राहिली. सैनिक नव्हते ते. कुंभार, नावाडी, दोन न्हावी, एक शाळामास्तर. पाठीमागे म्हातारी माणसं आणि बायकापोरं डोंगराकडे निघालेली. पुलाच्या टोकाला बुरुजात एक घंटावाला बसवलेला होता. घंटा ऐकू येतेय तोवर पूल आपला आहे, चालत राहा, असा निरोप होता. दिवस मावळताना घंटा थांबली. शेवटची गाडी तेवढ्यात डोंगरापलीकडे उतरली होती. एकशेवीसपैकी एकही परत आला नाही.

मालकांनी हा पूल प्लायवूडचा आणि प्लास्टिकच्या पिंपांचा केला. बुरूज पत्र्याचा. गोळ्या फक्त लाल मागवल्या. "खरं वाटलं पाहिजे आक्का, अगदी रक्त!" असं ते हात चोळत म्हणाले तेव्हा आक्कांनी तोंड फिरवलं. खरं म्हणजे काय असतं ते त्यांनी बादल्या भरभरून पाहिलं होतं, आणि ते पाहताना कोणी हात चोळत नव्हतं.

पुढे तर कहरच झाला. पुलावरचे एकशेवीस व्हायला कोणी तयारच होईना. मरायचं ठरलेलं, तर तिकीट कशाला काढायचं, असा लोकांचा रोकडा सवाल. हल्ला करणाऱ्यांना मात्र मेल्यावर तंबूत जाऊन, थंड सरबत पिऊन, पाच मिनिटांनी परत जिवंत व्हायची मुभा होती. शेवटी मालकांनी पुलावाल्यांनाही तीन-तीन जीव वाटून टाकले. कुंभाराला तीन जीव, नावाड्याला तीन जीव. घंटावाल्याला तेवढा एकच ठेवला, कारण त्याला गोळी लागली की घंटा बंद, आणि घंटा बंद की लढाई संपली. ती सहाला संपायची होती. पाचच्या पुढचे प्रेक्षक वेगळं तिकीट काढून बसणार होते. हल्लेखोरांना सांगून ठेवलं होतं, साडेपाचपर्यंत बुरुजाकडे फिरकू नका.

घंटावाला म्हणून आक्कांच्या मुलाची निवड झाली. खोटं कशाला बोला, आक्कांना बरं वाटलं. त्याचा पांढरट नायलॉनचा सूट त्यांनी स्वतः इस्त्री करून दिला.

शनिवारी दुपारी लढाई सुरू झाली. धुलाईची खोली मैदानाच्या कडेलाच, त्यामुळे आक्कांना दारातून सगळं दिसत होतं. नसतं दिसलं तर बरं झालं असतं. एका कचेरीतली आठ-दहा माणसं ओळीनं मरून पडली होती आणि जीभ बाहेर काढून फोटो काढून घेत होती. एक गृहस्थ आपल्या बायकोला ओरडून सांगत होता, "अगं, परत मर, मघाशी नीट आलं नाही!" तंबूपुढे मेलेल्यांची सरबतासाठी रांग लागली होती आणि रांगेत कोण आधी मेलं यावरून भांडण चाललं होतं. आक्का आत गेल्या, तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन उभ्या राहिल्या.

चारला वीस मिनिटं असताना हल्लेखोरांतला एक उत्साही दातांचा डॉक्टर, सूचना न ऐकता, पिंपांच्या आडून थेट बुरुजाखाली पोचला आणि त्यानं गोळी झाडली. बुरुजाशी पंच म्हणून उभी होती ती 'शिट्टी'.

शिट्टी हे तिचं टोपणनाव. चोवीस वर्षांची, काटकुळी पोरगी, पण तिनं शिट्टी फुंकली की भट्टीच्या धुराड्यावरची पाखरं उडायची. आठवडाभर औषधांच्या दुकानात उभी राहायची आणि शनिवार-रविवार इथे. पंचमंडळाचा परवाना मिळवायचा, मग मोठ्या सामन्यांना जायचं, एवढं एकच खूळ तिच्या डोक्यात होतं. परवान्यासाठी सहा महिने बिनतक्रार काम केल्याचा दाखला लागायचा. पाच महिने झाले होते.

तिनं शिट्टी फुंकली. "घंटावाला आउट! डाव्या कुशीत!"

घंटा थांबली. सगळं मैदान थांबलं. आक्कांच्या मुलानं दोन्ही हात फैलावले, गोल फिरून दाखवलं. सूट विटांच्या तांबड्या धुळीनं माखलेला. त्यात कुठे काय दिसणार? "कुठे आहे रंग? दाखव ना!" तो हसत म्हणाला. लोकही हसले. मग शिट्ट्या, मग आरडाओरडा. कोणीतरी सरबताची बाटली भिरकावली, ती पोरीच्या खांद्याला लागली. ती जागची हलली नाही. "मी गोळी फुटताना पाहिलीय," एवढंच म्हणत राहिली. मालक धावत आले, घड्याळाकडे पाहिलं, तिकडच्या भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं, आणि तिच्या गळ्यातून शिट्टी ओढून काढली. सगळ्यांच्या देखत.

घंटा परत वाजू लागली. सहाला घंटावाल्यानं पडायचं ठरलं होतं, पण लोक त्याच्या नावानं असे काही ओरडत होते, की तो पडलाच नाही. मालकांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर करून टाकलं, "घंटावाला अजिंक्य!" म्हणजे जो माणूस मेला म्हणून तीनशे वर्षं लोक त्याची आठवण काढतात, तो प्लायवूडच्या पुलावर जिवंत राहिला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. आक्कांची छाती क्षणभर फुगली. आईच ती. पण खांद्यावरून जाताना पोरानं त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि हे त्यांना खटकलं.

मालकांनी त्याच संध्याकाळी पंचमंडळाकडे तक्रार केली, की पोरीनं खोटा पुकारा केला. सोमवारी अकराला निरीक्षक येणार होते. तक्रार खरी ठरली तर परवाना कायमचा गेला, आणि मग तिला कुठल्याच मैदानावर कोणी उभं करणार नव्हतं.

रविवारी सकाळी आक्का कपडे निवडत होत्या. दारात मुलगा. हातात त्याचा तो सूट, नीट गुंडाळलेला.

"आई, आधी हा टाक."

आक्कांच्या हातातला कपडा तसाच राहिला. एकतीस वर्षांत हा पोरगा स्वतःचा कपडा स्वतः घेऊन धुवायला आला नव्हता. मोजे पलंगाखालून काठीनं ओढायला लागायचे.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या.

"आत्ताच टाक ना. घामाचा वास मारतोय."

तो गेल्यावर त्यांनी सूट उजेडात पसरला. डाव्या कुशीत धूळ इतर जागेपेक्षा दाट होती, चिकटून बसलेली. आक्कांनी अंगठा ओला केला आणि तिथे घासला. अंगठा साबणावरून घसरावा तसा घसरला. विटेची धूळ अशी घसरत नाही, खरखरते. रंगाच्या गोळीतलाच द्रव तेवढा असा बुळबुळीत असतो. त्यांनी खिशाची शिवण उलटी केली. आत लाल.

पुसलं होतं. हातमोज्यानं एकदाच, घाईघाईत, आणि वर धूळ चोळली होती.

आक्का स्टुलावर बसल्या. त्यांना किळस आली. कपड्याची नव्हे, 'आधी हा टाक' या शब्दांची. हे शब्द त्यांनी आधीही ऐकले होते. वीस वर्षांपूर्वी इस्पितळात एक रोगी ऑपरेशनच्या टेबलावरच दगावला होता. डॉक्टर पिऊन आले होते, असं एक सिस्टर म्हणत होती. ते कोणी मानायला तयार नव्हतं. तेव्हा मुकादमानं एक पांढरा डगला आणून दिला होता, पुढून ओकलेला, दारूचा भपकारा मारणारा. "आक्का, आधी हा टाका." आणि आक्कांनी टाकला. काही विचारलं नाही. दुपारपर्यंत डगला दुधासारखा पांढरा झाला आणि आठवड्याभरात सिस्टरची नोकरी गेली. आक्कांनी हे कोणाला, अगदी नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं. मी फक्त कपडे धुते, असं स्वतःला समजावलं होतं.

त्यांनी सूट धुतला नाही. पिशवीत घालून घरी नेला.

जेवताना मुलानं विचारलं, "झाला का?"

"नाही. तू पुसलंस."

त्यानं घास थांबवलासुद्धा नाही. "मालकांनी डोळ्यानं खुणावलं होतं आई. सहाशे माणसं बसली होती. घंटा थांबली असती तर सगळा खेळ बोंबलला असता."

"आणि त्या पोरीचं काय?"

"तिला औषधांचं दुकान आहे की. खेळ आहे गं हा, तू कुठे मनाला लावून घेतेस? आणि दाखवलास तरी काय दिसणार आहे? धूळ आहे म्हणेन मी."

तो वाटीतलं बोटानं निपटून चाटत होता. त्या बोटांकडे आक्कांना बघवेना. हीच बोटं आपण लहानपणी एकेक करून धुतली, पुसली, मुका घेतला, आणि आज ती ताटाजवळ नकोत असं वाटतंय, याची त्यांना आणखीच किळस आली. त्या उठल्या आणि ताट तसंच टाकून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

खरं तर तेव्हाच चप्पल घालून निघायचं. मालकांचं घर लांब नव्हतं, शिट्टीचं त्याहून जवळ. पण आक्का गेल्या नाहीत. उद्या बघू म्हणाल्या. धूळ आहे असं तो म्हणेल आणि आपलंच हसं होईल म्हणाल्या. पिशवी पलंगाखाली सरकवली आणि दिवसभर पुन्हा पुन्हा वाकून पाहत राहिल्या.

सोमवारी सकाळी त्या दूध आणायला गेल्या. येऊन पाहतात तर पलंगाखाली पिशवी रिकामी, स्वयंपाकघरात व्हिनेगरचा भपकारा, आणि दूध तापवायचं त्यांचं मोठं पातेलं ओट्यावर, आत गुलाबी पाणी. मागच्या दोरीवर सूट न पिळता गोळा करून टाकलेला, ठिबकत. मुलगा हात पुसत उभा.

"घे. धुतला. चांगला खळखळून उकळला, वर अख्खी बाटली ओतली. मोबाइलवर सांगतात, व्हिनेगरनं कुठलाही डाग जातो. आता ने तुला कुठे न्यायचा तिथे."

आक्कांनी दोरीवरचा सूट ताणून धरला. विटेची धूळ पार निघून गेली होती. सूट स्वच्छ झाला होता. आणि डाव्या कुशीत, धुळीखाली जे कोणाला दिसलं नसतं ते आता लख्ख दिसत होतं. मधोमध गोळी फुटल्याचा गोल शिंतोडा आणि तिथून मागे ओढलेले चार बोटांचे पट्टे. लालबुंद.

नायलॉनला खायचा रंग लागला असेल, आणि या गोळ्यांत तोच असतो, तर गार पाण्यात पाच मिनिटं बुडवलं की पुरे. पण आंबट घालून उकळलात तर तो रंग धाग्यात कायमचा बसतो. कपडे रंगवणारे मुद्दाम असंच करतात. इस्पितळातल्या नव्या बायकांना आक्का हे पहिल्या दिवशी शिकवायच्या. पोराला कधी शिकवलं नव्हतं. त्याला बादलीला हात लावू दिला असता तर तो हे शिकला असता.

"गेला ना?" त्यानं मागून विचारलं. तो जवळ येऊन बघेपर्यंत आक्कांनी सूट ओलाच काखेत मारला होता.

मालकांच्या कचेरीत निरीक्षक बसले होते. चष्मा लावलेले, कंटाळलेले. मालक बोलत होते. शिट्टी भिंतीशी उभी होती. बसायला कोणी सांगितलं नव्हतं. आक्का सरळ आत शिरल्या आणि तक्रारीच्या कागदावर ओला सूट पसरला.

"आक्का, हे काय? ते धुवायचं तिकडे," मालक चिडून म्हणाले.

"धुतलाय."

निरीक्षकांनी चष्मा वर केला. शिंतोड्यावर बोट ठेवलं, मग पट्ट्यांवरून बोट फिरवलं. त्यांचा कंटाळा गेला. "हा सूट घंटावाल्याचा?"

"आतला नंबर बघा."

"हा डाग नंतर कोणी पाडला नाही कशावरून?" मालकांनी विचारलं. "घरी नेला होता ना सूट? पिचकारीनं कोणीही पाडेल. दोघींचं काहीतरी ठरलेलं दिसतंय." आणि त्यांनी शिट्टीकडे असं पाहिलं, की आक्कांना त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

तोवर धापा टाकत मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. निरीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं, सुटाकडे पाहिलं, आणि आक्कांना विचारलं, "बाई, हा धुतला कोणी?"

"यानं. माझा मुलगा आहे. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी धुतलं."

निरीक्षकांनी मुलाला विचारलं, "तुम्ही धुतलात? याआधी तुमचा कुठलाही कपडा तुम्ही कधी स्वतः धुतलात? मग हाच का?"

मुलानं मालकांकडे पाहिलं. मालक खिडकीबाहेर पाहत होते. दोघांपैकी एकाचीही मान खाली गेली नाही, हे आक्कांनी नीट पाहून ठेवलं.

तक्रारीचा कागद भिजून गेला होता. निरीक्षकांनी तो चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि मालकांकडून शिट्टी मागून घेऊन पोरीच्या हातावर ठेवली.

बाहेर आल्यावर आक्का तिच्या मागून गेल्या. ती हसेल, निदान गळ्यात पडेल, असं त्यांना वाटलं होतं की काय, कोण जाणे. पोरगी वळली. डोळे सुजलेले होते, दोन दिवस झोप नसल्यासारखे.

"आक्का, तो सूट तुमच्या हातात कधी आला?"

"काल. सकाळी."

"काल सकाळी." तिनं ते दोन शब्द तसेच परत उच्चारले. "मी काल दिवसभर घरच्यांना सांगत होते, की मी खोटी नाही. संध्याकाळी माझ्या आईनंच विचारलं, अगं, तुझ्या डोळ्यांना काही झालंय का? तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे राहता."

खोटं बोलायला आक्कांना पुष्कळ जागा होती. पाय दुखत होते, पत्ता ठाऊक नव्हता, काहीही चाललं असतं. पण सकाळपासून त्या जे बघत आल्या होत्या, त्यानंतर आणखी एक काहीतरी पुसायचं त्यांच्यानं झालं नाही.

"गार पाण्यात टाकला असता तर पाच मिनिटांत निघाला असता," त्या म्हणाल्या. "टाकायचा की नाही, ते काल दिवसभर माझं ठरत नव्हतं."